दुधाचं कोणी विचारलंच नाही

सातवीच्या वर्गाला मी बावीस वर्षं पचनसंस्था शिकवत आलोय. फळ्यावर आकृती काढायची हौस मला पहिल्यापासून. जठराला लाल खडू, यकृताला विटकरी, आतड्यांना पिवळा, पित्ताशयाला हिरवा. स्वादुपिंडाला मात्र मी कधी रंग लावला नाही. जठराच्या मागं पांढऱ्या खडूनं एक लांबुळकं काहीतरी ओढायचं, शेजारी नाव लिहायचं आणि "हे अर्ध्या मार्काला येतं" असं सांगून पुढं सरकायचं. बिचाऱ्यानं कधी तक्रार केली नाही. मागच्या वर्षी केली.

त्या दिवशी आक्काच्या नातीचं बारसं होतं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या सेलूपासून जवळच्याच एका गावात तिचं घर आहे. तिच्या दारातून उपाशी माणूस परत गेल्याची नोंद नाही. वीजबिल वाटणारा, गॅसची टाकी आणणारा, एकदा तर पत्ता चुकून आलेले सोयरिकीचे पाहुणे, सगळे तिच्याकडं जेवून गेलेले आहेत. चुकीच्या पत्त्यावरच्या पाहुण्यांना तिनं आधी वाढलं आणि मग बरोबर घर दाखवलं. मी तर पाठचा भाऊ. बारशाची वंदना झाली, पाळण्यात नाव ठेवलं आणि पंगत बसली. मटणाचा रस्सा, वर तर्री, ज्वारीची भाकरी. आक्का पातेलं घेऊन माझ्याच समोर उभी. मी नको म्हणालो. पण ते नको तीन वेळा म्हणायचं असतं आणि चौथ्यांदा वाटी पुढं करायची असते, ही आमच्या घराची रीत. मी ती पाळली.

तीनच्या सुमारास बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधोमध, कुणीतरी सांडशी लावल्यासारखं झालं. सांडशीचं दुसरं टोक पाठीतून निघालं होतं. ताठ बसता येईना, उताणं पडता येईना. गुडघे पोटाशी घेऊन पुढं वाकलं की तेवढं बरं वाटे. म्हणून मी पाळण्याशेजारी तसाच वाकून बसलो. येणारी-जाणारी माणसं मी बाळाचं कौतुक करतोय असं समजून हसत होती.

मग निदानं सुरू झाली. आक्का म्हणाली पित्त. तिचे दीर म्हणाले गॅस. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं बेंबी सरकल्याचं सांगितलं आणि ती जागेवर आणायला तांब्या आणि दिवा मागवला. मी विज्ञानाचा शिक्षक, त्यामुळं या सगळ्यांकडं दयेनं पाहून म्हणालो, "काही नाही, साधं अपचन आहे." चार निदानांमधलं सगळ्यात चुकीचं कुठलं होतं, ते पुढं कळलं. बेंबीवाल्या बाईंचंही माझ्यापेक्षा बरं होतं. निदान त्यांनी जागा तरी बरोबर धरली होती.

उलट्या थांबेनात तेव्हा भाच्यानं गाडी काढली आणि दिवस मावळायच्या आत आम्ही परभणीच्या एका दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरांनी पोटावर दोन बोटं ठेवली आणि मी त्यांचा हात धरला. तेवढ्यावर त्यांनी रक्त काढायला सांगितलं. तासाभरात रिपोर्ट आला. रक्तातलं लायपेज नावाचं पाचक द्रव्य असायला हवं त्याच्या कितीतरी पट होतं.

"गुरुजी, स्वादुपिंडाला सूज आलीय," डॉक्टर म्हणाले. "जो रस आतड्यात जाऊन अन्न पचवतो, तो आतल्या आत अडकलाय. मग तो अवयव स्वतःलाच पचवायला लागतो."

मी आजारी माणसासारखी नाही, शिक्षकासारखी मान हलवली. बायको घाबरून म्हणाली, "मंजी कशाला सूज आली वो?"

"ते गं," मी कण्हत म्हणालो, "अर्ध्या मार्काचं."

इलाज ऐकायला सोपा होता. सलाईनच्या बाटल्या, दुखण्याची इंजेक्शनं आणि तोंडानं काहीही नाही. पाणीसुद्धा नाही. "त्या अवयवाला सुट्टी द्यायची," डॉक्टर म्हणाले. "पोटात काही गेलं की तो कामाला लागतो." आक्का खाटेच्या पायथ्याशी उभी होती. एका माणसाला उपाशी ठेवणं म्हणजे इलाज, हे तिच्या चेहऱ्यावर काही केल्या मावेना.

मग डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. त्या वेळी खाटेभोवती बायको, आक्का, आक्काचे दीर आणि माझ्या शाळेतले दोन सहकारी, एवढे लोक होते.

"गुरुजी, घेता का?"

"काय?"

"दारू."

मी शाळेत दरवर्षी व्यसनमुक्तीचं भाषण करतो. रविवारी विहारात वंदना असते तेव्हा पंचशील मी सांगतो, बाकीचे माझ्यामागं म्हणतात. मी म्हणालो, "कधीच नाही."

"कधीच?"

"कधीच."

"लग्नकार्यात? धुळवडीला? थर्टी फर्स्टला?"

"नाही हो."

"बरं," असं म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते 'नाही'पेक्षा बरंच लांब होतं.

यानंतर हाच प्रश्न मला छोट्या डॉक्टरांनी विचारला, सिस्टरनं विचारला आणि सलाईनची बाटली बदलणाऱ्या मावशींनी तर विचारलाही नाही. "सांगून टाका गुरुजी," त्या म्हणाल्या, "हितं सगळे तसलेच येतेत." शेजारच्या खाटेवर येलदरीकडचा एक टेम्पोवाला होता. त्यालाही हीच बिमारी, दुसऱ्यांदा आलेली. तो माझ्याकडं फार मायेनं बघत होता.

"पयल्यांदा मी बी न्हाईच मनलो होतो," तो म्हणाला. "लाज वाटती. चालायचंच."

"अहो, मी खरंच घेत नाही."

"मी बी आसंच मनलो होतो," तो म्हणाला. "ह्याच आवाजात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोनोग्राफी होती. आठच्या सुमारास बायको खाली औषधं आणायला गेली. आक्का माझ्याजवळ बसली. इंजेक्शनानं दुखणं जरा निवळलं होतं, पण जीभ टाळूला चिकटली होती. आक्कानं इकडंतिकडं पाहिलं आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला.

"थंड दूध हाय. पित्त बसतंय त्यानं."

"आक्का, काही घ्यायचं नाही म्हणालेत."

"जेवू नको मनलेत. दूध काय जेवन हाय का? कालपासून पोटात काई न्हाई तुझ्या. तोंड कसं झालंय बग. पी गपचीप."

मी पन्नाशीचा माणूस. सातवीच्या पोरांना दम देतो. पण आक्कानं डबा ओठाला लावला की मी पाच वर्षांचा होतो, आणि हे तिलाही माहीत आहे. म्हशीचं दूध, वर बोटभर साय. सायीसकट प्यालो. आक्कानं पदरानं माझ्या मिशा पुसल्या आणि डबा पिशवीत टाकला.

दहाला सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी पोटाला गार मलम लावलं आणि विचारलं, "उपाशी आहात ना?"

दार अर्धं उघडं होतं. दारात आक्का उभी होती. मी म्हणालो, "हो."

दुपारी दुखणं पुन्हा उसळलं. डॉक्टरांना त्याचं कारण कळेना, त्यांनी इंजेक्शन वाढवलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. स्वादुपिंड सुजलेलं. पित्ताशय आकसलेलं, खडा दिसत नाही. पेशंट उपाशी. म्हणजे दोन दिवसांत मला दोनच महत्त्वाचे प्रश्न विचारले गेले. एकाला मी खरं उत्तर दिलं, ते कुणाला पटलं नाही. दुसऱ्याला खोटं दिलं, ते टाइप होऊन, सही-शिक्क्यानिशी आलं.

तिसऱ्या दिवशी चमचा-चमचा पाणी मिळालं. मग बिनदुधाचा चहा, मग वरणाचं पाणी, मग मऊ भात. घरी सोडताना डॉक्टरांनी मला आणि बायकोला समोर बसवलं.

"खडा दिसत नाही. चरबी, कॅल्शियम, सगळं ठीक आहे. तुम्ही म्हणता दारू नाही. मग कारण काय? गुरुजी, कारण सापडलं नाही तर हे परत येणार. परत आलं तर असंच बोलत-चालत घरी जाल, याची मला खात्री नाही. एखाद्याचं आत सडायला लागतं. मग आयसीयू, मोठं ऑपरेशन. म्हणून विचारतो, काही सांगायचं राहिलंय का?"

ते माझ्याकडं बघत होते. बायको माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, प्रश्न दारूचाच आहे. मी म्हणालो, "नाही."

डॉक्टरांनी दीड महिन्यानं बोलावलं. कागदावर लिहिलं, तेल-तूप बंद, दारू बंद. दारूखाली दोन रेघा होत्या.

घरी आल्यावर भेटायला रीघ लागली. "जयभीम गुरुजी, कशी हाय तब्येत?" असं विचारून लोक बसत आणि चहा संपेपर्यंत फार समजूतदारपणे गप्प राहत. विहारातले एक वडीलधारे उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माणूस मनला की चुकतो." मी कशात चुकलो ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची सोय राहिली नाही. शाळेत व्यसनमुक्तीचं भाषण यंदा दुसऱ्या सरांकडं द्यावं, असं मुख्याध्यापकांनी सुचवलं. का, तर मला विश्रांतीची गरज होती.

बायकोनं आठ दिवस काढले. मग एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, "अवो, मी काई म्हणनार न्हाई. फक्त खरं सांगा."

"अगं, काय खरं?"

"रविवारी वंदना नऊला संपती. तुमी साडेदहाला घरी येता. दीड तास कुठं असता?"

आता इथं माझी पंचाईत होती. मी मोंढ्याजवळच्या एका गाड्यावर मिरचीची भजी खायचो. एक प्लेट तिखट, एक कांद्याची, वर तळलेली मिरची. डॉक्टरांनी तेल बंद केलेलं असताना हे सांगावं तर चोर, न सांगावं तर दारुडा. मी थोडा वेळ विचार केला. त्या थोड्या वेळाचाच अर्थ बायकोनं लावला.

"भजी खातो," मी शेवटी म्हणालो.

"भजी," ती म्हणाली. टॉवेलाची घडी तिनं मोडून परत घातली. "दीड तास. भजी."

पुढच्या रविवारी ती माझ्याबरोबर विहारात आली, आणि परतताना माझ्या दोन पावलं मागं चालली. तोंडाचा वास यावा इतकी जवळ आणि रुसवा कळावा इतकी लांब.

तीन आठवड्यांनी मी शाळेत रुजू झालो. सातवीला नेमकी पचनसंस्था राहिलेली. या वेळी मी स्वादुपिंडाला जांभळा रंग दिला, चांगला गिरवून. मग पित्ताशय काढलं, त्याची नळी काढली आणि सवयीनं म्हणत गेलो, "उपाशी असताना पित्ताशय पित्तानं भरलेलं असतं, फुग्यासारखं. दूध, तूप, लोणी, असा स्निग्ध पदार्थ पोटात आला की ते आकसतं आणि पित्त बाहेर..."

खडू थांबला.

बोटभर साय माझ्या डोळ्यांपुढं आली. रिकाम्या, आकसलेल्या फुग्यात खडा दिसेल कसा? बावीस वर्षं हे वाक्य मी पोरांकडून पाठ करून घेत होतो आणि दवाखान्यात स्वतःच्या पोटावर त्याचा अर्थ मला लागला नव्हता. पोरं वहीत लिहायची थांबली. पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, बाहेर काय येतं?" मी म्हणालो, "पित्त," आणि खुर्चीत बसलो.

मधल्या सुट्टीत आक्काला फोन लावला. सगळं समजावून सांगितलं.

"मंजी माज्या दुधानं झालं?"

"दुधानं झालं नाही गं. दुधानं लपलं. खडा असेल तर दिसला नाही."

"मग तू डॉक्टरला सांग. पर माजं नाव घेऊ नको बाबा. तुजी बायको आदीच मला म्हनती, आक्का खाऊ घालून मारतेत. जन्मभर सुनावंल."

मी हो म्हणालो. मग मी बरेच दिवस घरात चांगला मुहूर्त शोधत राहिलो. आक्काला वाचवून दूध सांगायचं कसं? दूध आपोआप ओठाला लागलं म्हणून? सिस्टरनं दिलं म्हणावं, तर एका परक्या पोरीच्या गळ्यात घालायचं. दरम्यान एका दुपारी भात खाल्ल्यावर तीच सांडशी, बारीक, दहा मिनिटं. मी कुणाला बोललो नाही, पण अंगाला घाम सुटला तो पंख्याखालीही सुकेना. डॉक्टरांचं ते 'आत सडायला लागतं' दिवसभर कानात होतं. दुसऱ्या दिवशी मी बायकोला म्हणालो, दीड महिना व्हायची वाट नको, आजच परभणीला जाऊ.

दवाखान्यात पोचलो तर बाकावर आक्का बसलेली. बायकोनं तिला फोनवर सांगितलं होतं. आक्काच्या मांडीवर पिशवी नव्हती. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा बिनपिशवीची पाहत होतो.

डॉक्टरांच्या खोलीत तिघंही गेलो. मी घसा साफ केला. "डॉक्टर, त्या सोनोग्राफीच्या दिवशी मी... म्हणजे तसा उपाशी..."

"घेतली होती?" डॉक्टर पुढं झुकले.

बायकोनं डोळे मिटले.

"दूध पाजलं होतं म्या," आक्का म्हणाली.

खोलीत सगळे तिच्याकडं वळले. ती उभीच होती. "म्हशीचं. सायीचं. इतकं." तिनं हातानं डब्याची उंची दाखवली, आणि खरं सांगतो, ती खऱ्या डब्यापेक्षा जास्त दाखवली. लपवायचं नाही म्हटल्यावर आक्का मापातही काटकसर करत नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो बाई! हे आधी नाही का सांगायचं?"

"तुमी धा बारी दारूचं इचारलं," आक्का म्हणाली. "दुधाचं कोनी इचारलं?"

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट काढून त्यातलं 'उपाशी' खोडलं. कागदावर चित्र काढून समजावलं. पित्ताशयातला बारका खडा घरंगळून खाली येतो, पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी जिथं एकत्र होते तिथं अडकतो, आणि मागं रस तुंबतो. आकृती माझ्यापेक्षा वाईट होती, पण मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी ठरली. आम्ही भाच्याच्या एका मित्राकडं मुक्काम केला. आदल्या संध्याकाळपासून बायको माझ्यापासून हलली नाही. मी दात घासायला गेलो तर चूळ भरताना पाणी गिळत नाही ना, हेही तिनं दारातून पाहिलं. सकाळी सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी "उपाशी?" विचारल्यावर मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "हाव. मी सांगते."

पित्ताशय फुग्यासारखं भरलेलं होतं. तळाशी खडे, मुगाच्या दाण्याएवढे, बरेच. डॉक्टरांनी पडदा वळवून तिला दाखवले. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "मी तुमच्या शाळेत फोन केला होता. कपाटात बाटली-बिटली हाय का बघा मनून."

"मिळाली?"

"फरसाण मिळालं."

पित्ताशय काढायचं ठरलं, दुर्बिणीतून. ते गेलं की खडे गेले, खडे गेले की कारण गेलं. आक्काला हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, मी तीनदा. तरी तिच्या मनातून ते दूध जाईना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती आली, तीही मोकळ्या हातानं. भिंतीला टेकून बसली. हातांचं काय करावं तिला कळत नव्हतं. मांडीवर ठेवी, पदराखाली घेई, परत काढी. "बरं हाय ना?" एवढंच मधूनमधून विचारी.

सकाळी मला आत नेलं.

भूल उतरली तेव्हा घशात काटे आणि पोटावर चार पट्ट्या होत्या. सिस्टर विचारत होती, "गुरुजी, नातेवाईक कुठं गेले तुमचे? कुणीच नाही बाहेर."

तेवढ्यात सलाईनची बाटली बदलणाऱ्या त्याच मावशी म्हणाल्या, "दोघी बाया ना? खाली कँटीनला बसल्यात. थोरलीला चक्कर आली होती."

नंतर बायकोकडून सगळं कळलं. डॉक्टर बाहेर आले, बारक्या बाटलीत खडे घालून त्यांनी दाखवले. आक्कानं विचारलं, "आता परत न्हाई ना येनार?" ते म्हणाले, या कारणानं तरी नाही. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारता विचारता ती खालीच बसली. बायकोनं हात लावला तर अंग गार. काल दुपारपासून तिच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता.

"अवो आक्का, तुमाला कोनी उपाशी राहायला सांगितलं होतं?"

"त्याला उपाशी ठिवून म्या कशी खाऊ?"

मग बायकोनं तिला दंडाला धरून खाली नेलं, पोह्यांची प्लेट समोर ठेवली, आणि ती नको नको म्हणत असताना दुसरी मागवली.

ओठांवर ओला कापूस ठेवून मी पडून होतो. अर्ध्या तासानं दोघी आल्या. आक्काच्या हनुवटीला कोथिंबिरीचं पान चिकटलं होतं. माझ्याकडं बघून तिनं घाईघाईनं तोंड पुसलं, खाटेजवळ वाकली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "भाऊ, पोहे काई खास न्हवते."